सहज आणलेला पुडा

“सहज आणलं,” सून म्हणाली आणि चेकरसाहेबांचे कान टवकारले.

टेबलावर एक पुडा उभा होता. मातकट रंगाचा, कागदी, अंगावर एक कणीस आणि एक हिरवं पान छापलेलं. त्याच्या शेजारी स्टीलचा वाडगा, थंड दुधाचं भांडं आणि चमचा. रोज या वेळेला तिथे भाजलेला पाव आणि उकडलेलं अंडं असायचं. आज त्यांचा पत्ता नव्हता.

“सहज म्हणजे?” चेकरसाहेबांनी विचारलं.

“सहज म्हणजे सहज, बाबा. दुकानात दिसलं, घेतलं. ग्रॅनोला म्हणतात. आमच्या लॅबमध्ये सगळ्याजणी खातात.”

“बरं.”

“शुगरला चांगलं असतं. वरून साखर नाही घातलेली. एकदम नैसर्गिक आहे.”

“मी काही म्हटलं का?”

“नाही, आपलं सांगितलं.”

इथेच तर पाल चुकचुकली. चेकरसाहेबांनी अर्धं आयुष्य बसमध्ये उभ्याने काढलं होतं. आधी कंडक्टर म्हणून तिकिटं फाडली आणि मग चेकर म्हणून ती तपासली. या दुसऱ्या नोकरीने त्यांना माणसं वाचायला शिकवलं, असं ते म्हणत. नोकरीने त्यांना माणसांवर विश्वास ठेवायचं विसरायला लावलं, असं त्यांची बायको म्हणायची. ती गेली, त्यामुळे हा वाद अनिर्णित राहिला होता. पण चेकरसाहेबांचे दोन नियम पक्के होते. जो न मागता तिकीट पुढे करतो, त्याचं तिकीट दोनदा बघावं. आणि जो खिडकीबाहेर फार आवडीने बघतोय, त्याच्याजवळ आधी जावं, कारण बाहेर बघण्यासारखं कधीच काही नसतं.

सुनेने न मागता तिकीट पुढे केलं होतं. आणि मुलगा समोरच्या खुर्चीत मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता.

‘कुठंतरी पाणी मुरतंय,’ चेकरसाहेब मनात म्हणाले.

त्यांनी पुडा उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग कालचं वर्तमानपत्र टेबलावर पसरून त्यावर मूठभर ग्रॅनोला ओतला आणि एका बोटाने तो चिवडायला सुरुवात केली.

“बाबा, ते खायचं असतं,” मुलगा म्हणाला.

“बसमध्ये चढलो की आधी कोण कोण बसलंय ते बघायचं असतं.” त्यांनी एक चपटा दाणा बाजूला काढला. “हे कोण?”

“ओट्स.”

“हे?”

“सूर्यफुलाच्या बिया. ते बदामाचे काप. आणि ते—”

“बेदाणा मला कळतो. साखर नाही म्हणालीस ना? मग हा गोड माणूस आत कसा शिरला?”

“त्याचा तो गोड असतो, बाबा. अंगचा.”

“आणि हे नैसर्गिक म्हणजे काय? निसर्गात हे कुठल्या झाडाला लागतं? पुड्यासकट लागतं का?”

सुनेला हसू आलं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती दिवसभर लोकांचं रक्त तपासायची, त्यामुळे तपासणाऱ्या माणसाचा तिला राग येत नसे. तिने वर्तमानपत्राची घडी करून सगळे प्रवासी वाडग्यात उतरवले, वरून दूध घातलं आणि वाडगा त्यांच्यासमोर सरकवला.

चेकरसाहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला. डोक्यात असा काही खडखडाट झाला, की मुलगा काय बोलला ते त्यांना ऐकूच आलं नाही.

“काय?”

“म्हटलं, किती कुरकुर वाजतंय.”

“मी करतोय का हे करतंय?”

“दोघं मिळून. तुमची जोडी जमेल बहुतेक.” मग जरा थांबून, मोबाईलकडेच बघत तो म्हणाला, “जमेल ना, बाबा? रोजचं?”

चेकरसाहेबांनी चावणं थांबवलं. रोजचं? सहज आणलेल्या वस्तूचं रोजचं काय विचारायचं? त्यांनी सुनेकडे बघितलं. ती पटकन ओट्याकडे वळली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

“बघू,” ते म्हणाले आणि वाडगा अर्धा ठेवून उठले.

*

ड्रायव्हर त्यांना डेपोच्या भिंतीलगतच्या बाकावर भेटला. दोघांनी एकाच गाडीवर कितीतरी वर्षं काढली होती, पुढे ड्रायव्हर आणि मागे कंडक्टर. त्या वर्षांत ते एकमेकांशी मुख्यतः घंटीने बोलले. छताखालची दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की जाऊ दे. निवृत्त झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं, की आपण समोरासमोर बसून कधी बोललोच नाही. तेव्हापासून ते रोज या बाकावर बसत, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला नावं ठेवत.

“ओट्स?” ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या तोंडात आता पुढचे दात नव्हते, त्यामुळे हसला की सगळं मोकळं मैदान दिसे. “अरे लेका, ती तर घोड्याची चंदी. तुला टांग्याला जुंपतायत का काय?”

“चेष्टा नको. दोघांचं काहीतरी शिजतंय.”

“शिजत कुठंय? तूच म्हणतोयस ना, गार दुधात घालून खायचं.”

“तेच म्हणतोय!” चेकरसाहेब त्याच्याकडे वळले. “न शिजवायचं खाणं घरात कशाला आणलं? सून चांगली सुगरण आहे. दोन मिनिटांत पाव भाजते. मग हे का?”

“तू गॅसवर दूध ठेवून झोपलास म्हणून.”

ती गोष्ट खरी होती. मागे एकदा दुपारी त्यांनी चहासाठी दूध ठेवलं आणि खुर्चीत डोळा लागला. जाग आली ती शेजाऱ्यांच्या दार बडवण्याने. भांडं काळं ठिक्कर पडलं होतं, घरभर धूर झाला होता. कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सून कामाला जाताना गॅसची टाकी खालून बंद करून जायला लागली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर खरंच दूध होतं. त्यांनाही ते मान्य होतं.

“ते झालं दुपारचं,” ते म्हणाले. “सकाळी सून घरात असते. सकाळी गॅसची काय भीती?”

“मला काय माहीत? तुझ्या सुनेला विचार. नाहीतर माझ्या बायकोला विचार, परवा दोघी तासभर बोलत होत्या.”

“कशाबद्दल?”

“डब्याबद्दल. दोन वेळचा डबा जमेल का म्हणून विचारत होती. तुझ्या घरी पोचवायचा.” ड्रायव्हरची बायको डबे करून द्यायची, अर्धी वस्ती तिच्या हातचं जेवायची. “म्हणाली, दुपारचा आणि रात्रीचा, एकाच माणसाचा. सकाळचं बघते म्हणाली काहीतरी.”

एवढं बोलून ड्रायव्हरने समोरून वळणाऱ्या बसकडे बघितलं आणि म्हणाला, “बघ, कसं घातलं चाक खड्ड्यात. गाढव.”

पण चेकरसाहेब बसकडे बघत नव्हते. डबा दोन वेळचा. एका माणसाचा. सकाळी शुगरची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर त्यांना घाम सुटून चक्कर यायची. इतक्या पहाटे कुणाचाच डबा येत नाही. म्हणून सकाळचं ‘काहीतरी’ असं हवं, जे गॅस न पेटवता एकट्या म्हाताऱ्याला वाडग्यात ओतून घेता येईल.

“ते जातायत,” चेकरसाहेब म्हणाले.

“कोण?”

“दोघं. कुठंतरी जातायत आणि मी इथं राहणार आहे.”

ड्रायव्हरने खड्ड्यातल्या बसचा नाद सोडला. त्याच्या चेहऱ्यावर ‘आपण काय बोलून गेलो’ असे भाव आले. “बायकोने मला सांगू नको म्हणून सांगितलं नव्हतं रे,” तो म्हणाला. “म्हणजे सांगितलं असतं तर मी—”

“तरी सांगितलं असतंस.”

“हो, बहुतेक.”

*

चेकरसाहेबांना आधी राग आला, मग भीती वाटली, आणि घराचा जिना चढेपर्यंत दोन्हींची भेळमिसळ झाली. बायको गेली त्या वर्षी, मुलाच्या लग्नाआधी, मुलगा कामानिमित्त महिनाभर बाहेर होता. तो महिना त्यांच्या अजून लक्षात होता. सकाळी उठल्यावर घरात दुसऱ्या माणसाची चाहूल नाही. नळ सोडला तर आपणच सोडलेला, दार वाजलं तर आपणच लोटलेलं. त्या महिन्यात ते दिवसातून दोनदा उगीच बसने फिरून यायचे, आणि सवयीने लोकांची तिकिटं बघायचे. शेवटी एका बाईने त्यांना खडसावलं, तेव्हा ते घरी आले आणि रडले. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता त्यांना एवढंच कळत होतं, की सगळं अडलंय ते एका वाडग्यावर. दुपारचं ठरलं, रात्रीचं ठरलं. राहिली सकाळ. आपण हे खाल्लं, तर त्यांचा मार्ग मोकळा. नाही खाल्लं, तर गाडी जागची हलायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि ठसका लागल्याचं असं काही नाटक केलं, की सून धावत पाणी घेऊन आली.

“घशात अडकतं गं,” ते म्हणाले. “माझं वय आहे का हे दाणे फोडायचं?”

“थोडा वेळ भिजवून बघू या का?”

“भिजवलं की लगदा होतो. भिंतीला कागद चिकटवायच्या कामाचा.”

“दही घालून?”

“पोरी, तू माझा पाव बंद केलास का?”

“नाही हो, बाबा.” ती लगेच उठली. पाव भाजला, अंडं उकडलं, समोर आणून ठेवलं. तिला बसची घाई होती आणि तिने स्वतः काहीच खाल्लेलं नव्हतं, हे चेकरसाहेबांना दिसलं. त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं. पुड्याला मधोमध कपड्यांचा चिमटा लावून तिने तो फडताळात ठेवून दिला.

लढाई जिंकली. पण लढाई जिंकलेल्या माणसालासुद्धा दुपारी भूक लागते. दोघं कामावर गेली, गॅस खालून बंद, डब्यातली बिस्किटं संपलेली. चेकरसाहेबांनी घरात दोन फेऱ्या मारल्या आणि मग फडताळ उघडलं. निव्वळ तपासणी म्हणून. त्यांनी मूठभर कोरडाच ग्रॅनोला काढला आणि खिडकीत उभं राहून खाल्ला.

तो चांगला होता. हे मान्य करायला त्यांना फार जड गेलं, पण चांगला होता. ओट्स खरपूस भाजलेले, बदाम कुडुमकुडुम वाजणारा, आणि मधेच एखादा बेदाणा विनातिकीट सापडला की तोंड गोड. त्यांचे दात या वयातही शाबूत होते. ड्रायव्हरला ते याच एका गोष्टीवरून खिजवत असत. दुसरी मूठ त्यांनी आधी ठरवून घेतली, आणि तिसरी न ठरवता.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, कुणी बघत नाही. चेकरसाहेबांचं तसंच झालं. सकाळी “घशात अडकतं” आणि दुपारी फडताळ, असे दिवस जाऊ लागले. पुड्याला ते आठवणीने चिमटा लावत, ओटा झटकत, मिशा पुसत. आयुष्यभर लोकांना पकडलेल्या माणसाला लपवायचं कसं हे बरोबर ठाऊक असतं, असा त्यांचा समज होता. सकाळी सून त्यांच्यासमोर पाव ठेवायची तेव्हा मात्र ते तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे.

बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. त्या भिंतीला खिडकीसुद्धा नव्हती.

*

त्या दिवशी संध्याकाळी ते बाकावरून लवकर परतले. दारात चपला काढत असताना स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं ऐकू आलं. चेकरसाहेब तिथेच थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण चपला काढायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा.

“अजून नाहीच खात ना?” मुलगा विचारत होता.

“नाही. घशात अडकतं त्यांच्या.”

“दुसऱ्या कंपनीचं आणून बघू?”

“राहू दे आता. तिकडच्या हॉस्पिटलने उद्यापर्यंत कळवायला सांगितलंय. मी सकाळी फोन करून नाही म्हणून सांगते.”

“अगं, पण एवढं मोठं हॉस्पिटल. स्वतःची लॅब सांभाळायला मिळतेय तुला. किती वर्षं म्हणत होतीस. आणि दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे.”

“क्वार्टरमध्ये एक खोली आहे, दोघांपुरती. तिसऱ्या माणसाला परवानगी नाही. त्यांना न्यायचं म्हटलं तर ठेवायचं कुठं?”

“मी बोलू का बाबांशी? सरळ विचारू?”

“सरळ विचारलंस तर ते लगेच जा म्हणतील. आणि आपण गेलो की सकाळी चक्कर येऊन पडतील, नाहीतर गॅस पेटवून बसतील. नको. सांगते मी, घरी अडचण आहे म्हणून.”

एक भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

दारात उभ्या असलेल्या चेकरसाहेबांना तो एकच शब्द लागला. अडचण. सुनेच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, राग नव्हता. ती आपली सर्दी झाल्यासारखं म्हणाली होती. म्हणूनच तो जास्त लागला.

बसमध्ये अडचण कोण असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आत जागा असताना दारात दांडा धरून उभा राहतो तो. त्याला स्वतःला लवकर उतरायचंही नसतं. त्याला फक्त दार सोडायची भीती वाटत असते. खाली माणसं हात करतात, आतली माणसं ओरडतात, आणि हा आपला दांड्याला चिकटलेला. अशा किती जणांच्या पाठीवर हात ठेवून चेकरसाहेब ओरडले होते, “दारात उभं राहू नका! पुढे चला, पुढे चला!”

त्यांनी चपला पुन्हा घातल्या, आवाज न करता जिना उतरले, आणि थोड्या वेळाने मुद्दाम खोकत, पाय आपटत वर आले.

जेवताना मुलगा म्हणाला, “बाबा, आज गप्प गप्प?”

“दमलो,” चेकरसाहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं.

*

सकाळी सून स्वयंपाकघरात आली तेव्हा चेकरसाहेब टेबलाशी बसलेले होते. गोळीचं वेष्टण एका बाजूला, पाण्याचा रिकामा पेला दुसऱ्या बाजूला. समोर स्टीलचा वाडगा काठोकाठ भरलेला, आणि त्यात ग्रॅनोला फ्रीजमधल्या थंड दुधात डुंबत होता. चेकरसाहेब खात होते. तोंड उघडं ठेवून, दात वाजवून, शेजारच्या घरातही ऐकू जावं असं कुडुमकुडुम खात होते.

“बाबा?” ती म्हणाली. “आज हे कसं काय?”

“सहज,” चेकरसाहेब म्हणाले.

ती टेबलाजवळ आली. मग तिने टेबलावरचा पुडा उचलला. त्याच्या घडी घातलेल्या तोंडाला चिमटा लावलेला होता, अगदी उजव्या कोपऱ्यात. तिने तो चिमटा काढला, हातात धरला, आणि म्हणाली, “तुम्ही कोपऱ्यात लावता.”

“काय?”

“चिमटा. मी मधे लावते. तुम्ही कोपऱ्यात लावता, तिकिटाला भोक पाडल्यासारखा. रोज संध्याकाळी घरी आले की कोपऱ्यात असायचा.”

चेकरसाहेबांचा चमचा वाडग्यातच राहिला. इतक्या वर्षांत हजारो तिकिटांच्या कोपऱ्यात त्यांनी भोकं पाडली होती. हाताने आपलं काम केलं होतं आणि त्यांना पत्ताही लागला नव्हता.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“पहिल्याच दिवसापासून.”

“मग काल त्याला का म्हणालीस, घशात अडकतं म्हणून?”

म्हणजे आपण काल दारात उभे होतो, हेही त्यांनी कबूल करून टाकलं. सुनेच्या ते लक्षात आलं, पण तिने तेही धरून ठेवलं नाही. ती चिमट्याची तोंडं उघडझाप करत राहिली.

“तुम्हाला आवडत होतं, तरी आमच्यासमोर खात नव्हता,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणजे आम्ही जाऊ नये असं तुम्हाला वाटतंय. एवढं कळलं मला. मग त्याला सांगून काय करायचं होतं? तुम्हाला उगीच खोटं पाडायचं का?”

चेकरसाहेबांना एकदम खूप वर्षांपूर्वीची एक बाई आठवली. भर उन्हाळ्यात, कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन बसमध्ये बसलेली. मूठ घट्ट मिटलेली, आणि त्या मुठीत तिकीट नव्हतं. त्यांनी ते बघितलं होतं, आणि तिच्या सीटपाशी पोचल्यावर तिकीट न मागता पुढच्या माणसाकडे वळले होते. त्या बाईला कळलं होतं, की यांना कळलंय. ती उतरताना काही बोलली नाही. सगळ्या नोकरीत असं त्यांनी फार थोड्यांना बघून सोडलं होतं. आपल्याला कुणी असं सोडेल, हे मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते या दुसऱ्या बाजूला कधी बसलेच नव्हते. इथे बसल्यावर मान वर करणं किती जड जातं, ते त्यांना आज कळलं.

“पोरी,” ते म्हणाले, “अंडं उकडून घे तुझ्यापुरतं. रोज उपाशी जातेस.”

तेवढ्यात मुलगा आत आला, केस विस्कटलेले, हातात फोन. “अगं, नऊला लावायचाय ना फोन? मी म्हणत होतो, अजून एकदा—” त्याने वाडगा बघितला आणि त्याचं बोलणं तिथेच थांबलं. “बाबा, तुम्ही खाताय?”

“दिसत नाही का? ऐकू पण येत नाही?”

“घशात अडकत नाही?”

“अडकत होतं. सुटलं.”

मुलाने बायकोकडे बघितलं. ती चिमट्याकडे बघत होती. “काय चाललंय तुम्हा दोघांचं?” त्याने विचारलं.

चेकरसाहेबांना पुष्कळ काही सांगायचं होतं. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, ड्रायव्हर रोज भेटतो, त्याच्या बायकोच्या हाताला चव आहे, गॅसची टाकी बंद करून रेग्युलेटर शेजाऱ्यांकडे दिला तरी चालेल. भीती वाटते, हेही सांगायचं होतं. पण आयुष्यात त्यांनी महत्त्वाच्या गोष्टी कधी तोंडाने सांगितल्याच नव्हत्या. त्यांनी चमचा उचलला, आणि स्टीलच्या वाडग्याच्या काठावर तो दोनदा वाजवला.

टिंग, टिंग.

मुलगा जागच्या जागी थांबला. लहान असताना सुट्टीच्या दिवशी तो वडिलांच्या गाडीवर दाराजवळच्या सीटवर बसायचा. शेवटचा माणूस चढला, की वडील त्याला कमरेला धरून उचलायचे आणि दोरी त्याच्या हातात द्यायचे. त्याने ती दोनदा ओढली की आख्खी बस, सगळ्या माणसांसकट, हलायची. त्याला वाटायचं, आपणच ती हलवतोय.

“म्हणजे काय?” सुनेने नवऱ्याला विचारलं. “काय म्हणतायत?”

मुलाने फोन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

“जाऊ द्या,” तो म्हणाला. “जाऊ द्या म्हणतायत.”

सून चेकरसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने चिमटा पुड्याला लावला, कोपऱ्यात, आणि पुडा त्यांच्या हाताशी ठेवला. “बाबा,” ती म्हणाली, “खरंच?”

“दारात उभं राहायचं नसतं,” चेकरसाहेब म्हणाले. “नऊ वाजतील. फोन कर.”

एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि समोरच्या इमारतीची कोरी भिंत फार आवडीने बघत राहिले. सुनेला त्यांचा तो नियम ठाऊक होता. तिने त्यांना बघू दिलं.